ऐकून दिलेली केबल

"डोक्याला रोज तेल लावतेस ना गं?" आपटे सरांनी विचारलं.

मी हातात सोल्डरिंगची गन धरून वाकले होते. मला वाटलं, माझ्या केसांचं कौतुक चाललंय. सहा वर्षांत सरांनी माझ्या कशाचंच कौतुक केलं नव्हतं, म्हणून मी भाबडेपणानं "हो, खोबरेल" असं सांगितलंसुद्धा.

"मग तो हेडफोन डोक्याला लावू नकोस. त्याच्या कानाच्या गाद्या कोकराच्या कातड्याच्या आहेत. तेलाचा एक डाग पडला की संपलं."

"पण सर, मी ऐकल्याशिवाय केबल देत नाही."

"मीटर लाव. मीटरच्या डोक्याला तेल नसतं," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसत बाहेर गेले.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात डेक्कनच्या मागच्या एका गल्लीत आपटे सरांचं भारी साउंडच्या सामानाचं दुकान होतं. पुढे गालिचा, मंद दिवे, मऊ खुर्च्या, आणि मागे माझी खोली. दुरुस्त्या माझ्याकडे, केबली माझ्याकडे, आणि रविवारी चहाही माझ्याकडे. मी बार्शीची. आयटीआय करून पुण्यात आले तेव्हा सरांनी ठेवून घेतलं, आणि त्याबद्दल मी बरीच वर्षं उगाचच मान खाली घालून वागत होते.

त्या आठवड्यात दुकानात एकच विषय होता. परदेशातून एक हेडफोन आला होता. लाकडी पेटीत, मखमलीवर, आणि किंमत अशी की ती सांगताना सर आवाज खाली आणायचे. डॉक्टर सबनिसांनी तो मागवला होता. सोबत आलेली केबल सरांच्या मोठ्या अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, बसणारी नव्हती, म्हणून नवी बनवायची होती. ती मी बनवत होते. उजव्या कानाचा प्लग झाला होता, डावा राहिला होता, आणि नेमकं तेव्हाच हे तेलाचं निघालं.

मला राग आला. तो डाव्या प्लगवर काढत मी काम संपवलं. मीटर लावला, प्रत्येक पिनेला तो बिप बिप बोलला. मग हेडफोन हातात घेऊन नुसता पाहत बसले.

माझी ऐकायची एक पद्धत होती, ती इथेच सांगून टाकते. माझे वडील, अण्णा, बार्शीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर त्यांनी गाड्या पुकारल्या. ते रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जाऊन त्यांचा आवाज टेप केला होता. "बार्शीहून वैराग मार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." एकच माणूस, एकच माईक, दोन्ही कानांना तोच आवाज. त्यामुळे हेडफोन आणि केबल ठीक असतील तर अण्णा डोक्याच्या बरोबर मधोमध उभे राहायचे, कपाळाच्या आत, भुवयांच्या मध्ये. जरा डावीउजवीकडे सरकले की समजायचं, कुठेतरी गडबड आहे. अण्णा गेल्यावरही मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून त्यांना एकदा सोलापूरची गाडी पुकारायला लावत होते. या एका वस्तूतून लावलं नाही, कारण मला मनाई होती.

रविवारी सकाळी दहाला बैठक भरली. सरांच्या दुकानात महिन्यातून एकदा हे शौकीन जमायचे. नवी वस्तू आली की प्रत्येकानं एक गाणं ऐकायचं, कुणाशी काही न बोलता चिठ्ठीवर 'पहिली छाप' लिहायची आणि चिठ्ठी पितळी डब्यात टाकायची. सगळ्यांचं ऐकून झालं की सर त्या मोठ्यानं वाचायचे आणि संध्याकाळी दुकानाच्या वेबसाइटवर नावानिशी टाकायचे. नियम कडक होता. डब्यात गेलेली चिठ्ठी परत घ्यायची नाही आणि पहिली छाप बदलायची नाही. लोक आपली जन्मपत्रिका जपत नसतील इतकी ही मंडळी आपली पहिली छाप जपायची.

मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा सर हातात ती केबल धरून उभे होते.

"ही केबल मी स्वतः बनवली आहे," ते म्हणत होते. "आठ दिवस खपलो. चांदीची तार आहे, हाताला जरा जरी कंप असला तरी जमत नाही."

मला धक्का बसला असं नाही, कारण आतून मला ते माहीत होतं. आधीच्या केबली कुणाच्या नावावर खपत असतील याचा अंदाज होताच. पण कानांनी ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा.

"आपटे, तुमच्या हाताला तोड नाही," दांडेकर वकील म्हणाले.

"सवय," सर म्हणाले.

मग ऐकणं सुरू झालं. एका बाईंची ख्याल गायकी लावली होती. आधी डॉक्टर सबनीस. हे कान-नाक-घशाचे डॉक्टर, अर्ध्या पेठेचे कान त्यांनी तपासलेले. त्यांनी डोळे मिटले, भुवया उंचावल्या, जरा थांबले, मग चिठ्ठी लिहिली. नंतर वकील, नंतर आर्किटेक्ट मोडक, नंतर स्वतः सर. चौघांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि सर वाचायला लागले.

"दांडेकर. 'गायिका समोर बसलेली नाही, ती सर्वत्र आहे. भिंती नाहीशा झाल्या.'"

"वा," मोडक म्हणाले.

"मोडक. 'डग्गा संयमी. इतर हेडफोनांसारखा अंगावर येत नाही. अवकाशाचे भान थक्क करणारे.' माझी. 'आवाज डोक्याच्या बाहेर, क्षितिजावर.' आणि डॉक्टर. 'असे काही पूर्वी ऐकले नाही.'"

चौघंही खूश दिसत होते. तेवढ्यात दार ढकलून सबनीस वहिनी आत आल्या. डॉक्टरांना घेऊन त्यांना कुठल्याशा साखरपुड्याला जायचं होतं. भरजरी साडी, अंबाड्यावर गजरा, आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याचा वैताग.

"आलोच," डॉक्टर म्हणाले. "तू एकदा ऐक तर खरं, कशासाठी एवढा जीव टाकत होतो ते."

वहिनींनी गजरा सांभाळत हेडफोन चढवला. गजऱ्याचं सरांना काही वाटलं नाही. गाणं सुरू झालं आणि वहिनींनी दहा सेकंदांत तो काढून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला.

"मला नाही बाई सहन होत. डोक्यात कसंतरी होतंय. गाडी लागल्यासारखं."

सगळे हसले. "कानाला वळण लागावं लागतं वहिनी," वकील म्हणाले.

"अहो, तीस वर्षं गाणं ऐकतेय मी, गाणं ऐकून मळमळलं नव्हतं कधी." त्या माझ्याकडे वळल्या. मी रिकामे कप गोळा करत होते. "तू ऐकलंस का गं? तू मागे हेच काम करतेस ना? बघ बरं जरा, मलाच वेड लागलंय का."

"हेमलताला कामं आहेत," सर म्हणाले.

"दोन मिनिटं ऐकू द्या हो तिला," असं म्हणून वहिनींनी सरळ माझ्या हातात हेडफोन दिला.

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्या केसांकडे पाहत होते. मी ट्रे खाली ठेवला, हेडफोन डोक्याला न लावता त्याच्या दोन्ही वाट्या कानांपासून बोटभर लांब धरल्या आणि ऐकलं.

पहिल्याच तानेला कळलं. बाई गात होत्या, पण त्या कुठेच नव्हत्या. आवाज दोन कानांवर दोन बाजूंनी चिकटला होता आणि मध्ये भोक. डग्ग्याची नुसती थाप ऐकू येत होती, घुमारा गायब. एका कानाची तार उलटी जोडली की हेच होतं. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. आणि ती उलटी कशी जोडली गेली तेही मला त्याच क्षणी आठवलं. पिनांचा नकाशा समोरून काढलेला असतो आणि सोल्डर मागून लावायचं असतं, म्हणजे आरशातल्यासारखं सगळं फिरवून घ्यावं लागतं. उजवा प्लग मी फिरवून घेतला होता. डाव्याच्या वेळी माझ्या डोक्यात खोबरेल तेल होतं. आणि मीटरही मी त्याच चुकीच्या नकाशानं लावला, मग तो बिचारा काय बोलणार.

आता गप्प बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. चिठ्ठ्या वाचून झाल्या होत्या, केबल सरांच्या नावावर होती, डॉक्टर खूश होते. घरी आई होती, भाड्याची खोली होती, आणि माझ्यासारखीला दुसरं काम लगेच मिळेल अशातलाही भाग नव्हता. हे सगळं मला कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलं.

"डावी बाजू उलटी जोडलीय."

"काय?" सर म्हणाले.

"एका बाजूची तार उलटी आहे. वहिनींना गरगरलं ते बरोबरच आहे."

मोडक हसले. वकिलांनी चष्मा काढून पुसला. ते समोरच्याला कोर्टात उभं करायच्या आधी असंच करत असणार. "मुली, इथे चार माणसांनी ऐकलंय. मिळून शंभर वर्षांचं ऐकणं आहे हे."

"असेल."

"हेमलता, आत जा," सर म्हणाले.

"जाते. आधी एक ऐकवते."

मी आत गेले आणि माझा जुना हेडफोन घेऊन आले. त्याच्या पट्टीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि एका गादीतून स्पंज बाहेर आला होता. फोन अँपला जोडला, त्यावर अण्णांचं रेकॉर्डिंग लावलं.

"हा एकच माणूस बोलतोय," मी म्हणाले. "डोळे मिटायचे आणि हा माणूस जिथं उभा वाटतो तिथं बोट ठेवायचं. आधी माझ्या डबड्यावर, मग तुमच्या नव्यावर. बाकी काही नको."

"हा काय पोरखेळ आहे?" सर म्हणाले.

"खेळून बघू की," वहिनी खुर्चीत बसत म्हणाल्या. साखरपुडा त्या विसरल्या होत्या.

माझ्या डबड्यावर चौघांनीही कपाळाच्या मध्यावर बोट ठेवलं. सरांनीसुद्धा. जणू चौघांना ओळीनं गंध लावायला बसवलं होतं. मग नवा हेडफोन. वकिलांनी हात मानेमागे नेला, तिथून काढला, कानामागे नेला आणि तिथेच घोटाळत राहिले. मोडकांनी बोट हवेत धरलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांची दोन बोटं दोन कानांवर ठेवली आणि त्यांचे डोळे उघडले. सरांनी हेडफोन हातात घेतलाच नाही.

"कोण बोलतोय हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे वडील."

"या नव्यात ते कुठेच नाहीत."

"नाहीत ना. मला तेच म्हणायचंय."

सर उठले आणि माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुला कळतंय का, तू काय बोलतेयस? केबल मी बनवलीय म्हणून सांगितलंय. सगळ्यांसमोर."

"म्हणूनच," मी मात्र आवाज हळू केला नाही. "ही केबल मी बनवलीय. उलटी मीच जोडलीय, माझ्या हातनं. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणाला देणार नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते मी आजही सांगू शकते. आधी राग आला. मग हिशेब लागला की केबल त्यांची असली तर चूकही त्यांची, आणि चूक माझी असली तर केबलही माझी. मग ते वळले आणि घाईघाईनं म्हणाले, "हो. म्हणजे जोडायचं काम तिचंच. मी फक्त लक्ष ठेवतो. हिनंच जोडली."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते तोंडानं म्हटलं. आणि म्हटलं ते कधी, तर केबल बिघडली तेव्हा. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, पण त्यांच्यासमोर दोन्ही करायचं नव्हतं.

डॉक्टर मात्र सरांकडे बघत होते. "मग माझ्या घरच्या दोन केबली?"

"त्याही मीच बनवल्यात," मी म्हणाले.

"त्या बरोबर आहेत?"

"त्या मी ऐकून दिल्या होत्या. ही ऐकू दिली नाही."

"का?"

"माझ्या डोक्याला तेल असतं म्हणून."

वहिनींनी स्वतःच्या अंबाड्यावरच्या गजऱ्याला हात लावून पाहिला आणि सरांकडे अशा नजरेनं बघितलं की ते पेटीवरची मखमल सारखी करायला लागले.

मी आतून गन आणली आणि गालिच्यावरच्या काचेच्या टेबलावर मांडली. एरवी त्या टेबलावर मला कपसुद्धा बशीशिवाय ठेवता येत नसे. गन तापायला ठेवली, डावा प्लग उघडला आणि दोन तारा अदलाबदल केल्या. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. चौघंही वाकून बघत होते. सहा वर्षं त्या केबली वापरणाऱ्या माणसांनी केबल बनताना कधी पाहिली नव्हती.

"मीटर लाव," सर म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

"मीटरनं आधीचीही पास केली होती."

मी माझा अंबाडा सोडला. का सोडला ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, पण पट्टी नीट बसावी असं काहीतरी स्वतःला सांगितलं. मग दोन्ही हातांनी तो हेडफोन उचलला आणि डोक्यावर चढवला. गाद्या खरंच मऊ होत्या. कानांवर कुणीतरी गार तळवे ठेवल्यासारखं वाटलं.

"हेमलता, तेल..." सर म्हणाले.

"लागू दे."

मी अण्णांना लावलं. ते आले. थेट आले, कपाळाच्या आत, बरोबर मधोमध. माझ्या डबड्यावर कधी न ऐकलेलं त्या दिवशी ऐकू आलं. गाडी पुकारायच्या आधी त्यांनी घेतलेला श्वास, टेबलावर ठेवलेल्या चष्म्याचा आवाज, मागे लांब कुठेतरी कंडक्टरची शिट्टी. आणि "उभी आहे" म्हणताना त्यांचा आवाज जरा फाटला होता. शेवटचा दिवस होता ना तो. आठ वर्षं मी ते रेकॉर्डिंग ऐकत होते, आणि आवाज फाटल्याचं मला माहीतच नव्हतं. तेव्हा मात्र रडू आलं आणि मी ते पुसलं नाही. वस्तू किमतीला उतरणारी होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

हेडफोन काढून मी डॉक्टरांना दिला. त्यांनी डोळे मिटले. बोट हळूच कपाळावर गेलं आणि तिथंच राहिलं.

"आहेत," ते म्हणाले.

मी गन गार करायला ठेवली. सर माझ्या शेजारी आले आणि ओठ फारसे न हलवता म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या सोमवार. दुकान बंदच असतं," मी म्हणाले. "मंगळवारी येते, माझी अवजारं न्यायला."

मी कपांचा ट्रे उचलायला वाकले तेव्हा सबनीस वहिनींनी डब्याशेजारचा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला. वर पेन ठेवलं.

"हिची राहिली की," त्या म्हणाल्या.

"ती बैठकीची सभासद नाही," सर म्हणाले.

"मीही नव्हते. तरी ऐकवलंत ना." वहिनींनी हाताची घडी घातली. "जो ऐकेल तो लिहील, असा नियम आहे ना तुमचा? की तोही आजपासून बदलला?"

वकील खिडकीबाहेर बघायला लागले. मोडकांनी आपल्या चिठ्ठीबद्दल काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली, पण डब्यात गेलेली चिठ्ठी परत मिळत नसते. मी उभ्या उभ्या लिहिलं, घडी घातली आणि डब्यात टाकली. चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचं काम दुकानाच्या मालकाचं असतं. सर डब्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी डबा उचलून त्यांच्या हातात दिला.

सरांनी चिठ्ठी उघडली, चष्मा वर सारला आणि वाचली.

"'बार्शीहून वैराग मार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. पुकारणारा मधोमध आहे.'"

ते चिठ्ठीची घडी घालायला लागले.

"खाली नाव असेल ना," वहिनी म्हणाल्या.

"'हेमलता क्षीरसागर,'" सरांनी वाचलं. मग पुढची ओळ वाचायला त्यांना जरा वेळ लागला, पण ती त्यांनी वाचली. "'केबल हिनंच बनवली.'"